धवल्याची चाल, शब्दांशिवाय

माझ्याकडे मैफलींच्या आठवणी नाहीत, हे मी अंकाच्या संपादकांना आधीच सांगितलं होतं. रंगमंचाच्या मधोमध मी कधी बसले नाही, आणि तेवढी छातीही नव्हती. पेणला आमच्या घराच्या पुढच्या खोलीत आणि आठवड्यातले दोन दिवस रोह्याला एका ओळखीच्या कुटुंबाच्या माडीवर मी गाणं आणि पेटी शिकवली. शिकवली म्हणजे नेमकं काय केलं, हे सांगितलं की ऐकणाऱ्याचा थोडा हिरमोड होतो. मी तुकडे घोटून घेतले.

गाणं म्हणताना माणूस सगळीकडे अडत नाही, एखाद्याच जागी अडतो. चढताना सुरळीत जातो आणि वरून परतताना घसरतो, असं काहीतरी. बहुतेक जण मग गाणं पहिल्यापासून सुरू करतात आणि फिरून त्याच जागी घसरतात. मी तेवढीच जागा कापून काढायची. चार-पाच सुरांचा तुकडा. तो अगदी सावकाश म्हणायचा, मग उलटा, मग दुसऱ्या सुरावरून, मग मध्येच थांबून. गळ्याच्या किंवा बोटांच्या तो ओळखीचा झाला की परत गाण्यात नेऊन बसवायचा, असा की ऐकणाऱ्याला तिथला सांधा कळू नये. पुस्तकात याला पलटे म्हणतात, अलंकार म्हणतात. आमच्या खोलीत मात्र ‘तुकडा’ हाच शब्द रूढ झाला होता.

हे काम दिसायला निरुपद्रवी आहे. पण गळ्याला आणि बोटांना बरं-वाईट कळत नाही. जे परत परत कराल ते ती धरून ठेवतात, आणि चुकीचं असलं तर जरा जास्तच घट्ट धरतात. मुलगी आपल्या घरी जाऊन काय घोटते आहे ते मला दिसत नसे. त्यामुळे वर्ग सुटला की माझं काम संपायचं आणि काळजी सुरू व्हायची. भाजी चिरताना अचानक आठवायचं, की अमकीला मी श्वास कुठे घ्यायचा ते सांगितलंच नाही. मग मी फोन करत असे. माझे यजमान म्हणायचे, डॉक्टरसुद्धा पेशंटला एवढे फोन करत नाहीत.

तऱ्हेवाईक गिऱ्हाइकंही आली. एक गृहस्थ मुलीला टीव्हीवरच्या स्पर्धेच्या चाचणीला न्यायचं म्हणून आले होते. त्यांनी मोबाइलवर एक तान ऐकवली आणि म्हणाले, “बाई, बाकी काही नको. एवढी बसवून द्या. रविवारपर्यंत होईल ना?” जणू मी भिंतीत खिळा ठोकून देणार होते. मुलगी बिचारी खाली मान घालून बसलेली. मी तिला सा लावायला सांगितला, तर तिचा आवाज थरथरत होता. मी तिला तीन सुरांचा तुकडा दिला आणि वडिलांना बाहेर चहा दिला. चाचणीत तिचं काही झालं नाही, पण पुढे ती बरीच वर्षं येत राहिली. वडील नाही आले.

तुकडा औषधासारखा मोजून द्यावा लागतो, हे मला रोह्याच्या दिलीपने शिकवलं. तो धाटावच्या एका कंपनीत ऑपरेटर होता आणि गावच्या भजनी मंडळात पेटी वाजवायचा. हात गोड, पण अनामिका कच्ची. ती दाबताना मधलं बोट शेजारची पट्टी दाबून जायचं आणि एकाच वेळी दोन सूर वाजायचे. मंडळातले बुवा त्याला सगळ्यांसमोर टोकायचे. मी त्याला पाच सुरांचा तुकडा दिला आणि बजावलं, की रोज थोडाच वेळ, आणि बोट दुखलं तर थांबायचं.

दिलीप थांबला नाही. कंपनीच्या बसमध्ये पुढच्या सीटच्या दांडीवर, कँटीनच्या टेबलावर, गाडी चालवताना हँडलवर, जिथे मिळेल तिथे तो बोटं चालवत राहिला. त्याच्या बायकोने मला फोन करून विचारलं, “बाई, ह्ये जेवताना ताटाच्या कडेवर वाजवतात. डोक्याचं काय नाय ना?” पुढच्या खेपेला तो आला तेव्हा अनामिका सुजून मिटेनाशी झाली होती.

“थांबायला सांगितलं होतं ना?” मी म्हटलं.

“थांबलो तर जातंय का काय असं वाटतं बाई. शिफ्टला एक व्हॉल्व बघितला नाय तर कसं घोर लागतो, तसं.”

बोटाची सूज उतरायला बराच काळ गेला. तेवढ्यात मंडळातली पेटी दुसऱ्याच्या हाती गेली, ती पुढे त्याला परत मिळाली, सगळं नीट झालं. पण त्या काळात मंगळवारी आणि शुक्रवारी रोह्याच्या गाडीत बसले की वाटभर मी त्याच्या बोटाचाच विचार करायचे. पेटी हा त्याचा एकमेव विसावा होता आणि मी दिलेल्या तुकड्यानेच तो हिरावला जाणार की काय, असं वाटायचं. बोट बरं झालं, तरी माझ्या मनातली ती धास्ती गेली नाही. द्वारकामावशी माझ्या दारात आल्या तेव्हा ती जागीच होती.

द्वारकामावशी पेणच्या पश्चिमेला खाडीकाठच्या एका गावातल्या. घरची मिठागरावरची कामं करण्यात उमेदीची वर्षं गेली, आणि त्याबरोबर त्या गावच्या धवलारीण होत्या. बाहेरच्या वाचकांसाठी सांगते. आगरी लोकांच्या लग्नात हळद लावण्यापासून पुढच्या एकेका विधीला गाणी असतात, त्यांना धवले म्हणतात. ती गाणारी बाई म्हणजे धवलारीण. ती नुसती गाणारी नसते. विधी तिच्या तोंडून चालतो. ती एक ओळ गाते, मागच्या बायका ती उचलतात, आणि असं तासन् तास चालतं. मावशींनी गावातल्या बहुतेक सगळ्या नवरी-नवरदेवांसाठी धवले गायले होते.

त्या आल्या त्या दिवशी बोलली ती त्यांची लेक हिरा. हिराचं सासरही त्याच गावात. ती पेणच्या एका गणपतीच्या कारखान्यात मूर्तींचे डोळे रंगवायची. कामाला जाताना आईला घेऊन आली होती.

“आईचं थायरॉइडचं ऑपरेशन झालं पनवेलला,” ती म्हणाली. “गाठ काढली. गाठ बरी होती, वाईट नव्हती. पण आवाज गेला बाई.”

मावशी माझ्याकडे बघत होत्या. ठेंगणी, काळीसावळी बाई, गळ्यावर आडवी ताजी रेघ. त्यांनी तोंड उघडलं आणि पत्र्यावरून वाळू घसरावी तसा आवाज आला. “बाय, आवाज गेला नाय. हाय. वर येत नाय.”

मी लगेच म्हटलं, की हे माझं काम नाही. हे डॉक्टरांचं काम आहे.

हिराने कागद काढले. डाव्या बाजूचा स्वरतंतू हलत नव्हता. शस्त्रक्रियेत कधी कधी तिथली नस दुखावते, आणि ती आपली आपण परत सुधारू शकते, पण सुधारेलच असं नसतं. पनवेलला आवाजाचे व्यायाम शिकवणाऱ्या बाई होत्या. मावशी तिकडे काही वेळा गेल्या आणि मग जायच्या बंद झाल्या.

“ती मना ई-ई कराया सांगते,” मावशी कुजबुजल्या. “मी काय लहान पोर हाय?”

“दिवाळीनंतर माझ्या भावाच्या मुलीचं लग्न आहे,” हिरा म्हणाली. “पल्लवीचं. मुलगा कोलाडचा. ती बोलते, आजीनं धवले गायले तरच हळद लावून घेईन. आणि गावात दुसरं कोण नाय बाई, गाणारं. होत्या त्या म्हाताऱ्या गेल्या.”

“तुला येत नाहीत?”

उत्तर मावशींनी दिलं. “ती कारखान्यात. लग्नाला यायची जेवायच्या टायमाला.”

मी हो म्हटलं नाही. पनवेलच्या त्या बाईंचा नंबर घेतला आणि फोन लावला. त्या समजूतदार निघाल्या. म्हणाल्या, “तुम्ही करून घेत असाल तर चांगलंच आहे, मला काय केलं ते कळवत राहा. तुकडा छोटा ठेवा, हळू आवाजात. जोर अजिबात नको. थकायच्या आधी थांबवा. आणि पातळ काही पिताना ठसका लागत असेल तर लगेच सांगा.” मी हे सगळं स्वतःशी तीन वेळा म्हणून घेतलं आणि तरी त्या रात्री मला झोप लागली नाही. निरोगी बोट सुजवलं होतं त्या दिलीपने, आणि इथे तर आजारी गळा होता.

सुरुवात ‘म्’ने केली. ओठ मिटून, गुणगुणल्यासारखा एक सूर. मग दोन सूर. मोबाइलवर तानपुरा लावला, नेहमीपेक्षा बऱ्याच खालच्या पट्टीत. मावशी कंटाळल्या. त्यांना सा रे ग म माहीत नव्हतं आणि जाणून घ्यायची इच्छाही नव्हती. त्यांचं लक्ष खिडकीतून हिराच्या वाटेकडे लागायचं.

मग मला सुचलं, की तुकडे त्यांच्या ओळखीचेच द्यावेत. मी म्हटलं, “मावशी, तुमच्या धवल्यातली एक ओळ हळू म्हणा. आपण तिचेच तुकडे करू.”

त्यांनी मान हलवली. “नाय.”

“का?”

“मांडव नसताना धवला तोंडातून काढायचा नाय. सासूनं सांगून ठेवलंय. लगीन नाय, हळद नाय, नि धवला गायचा, ते बरं नाय.”

मी समजावून पाहिलं, ते चाललं नाही. माझा सगळा धंदा एक गोष्ट पुन्हा पुन्हा करण्यावर, आणि ही गाणी अशी, की कार्य असल्याशिवाय एकदाही म्हणायची नाहीत. त्या स्वतः कशा शिकल्या? सासूच्या मागे बसून, लग्नालग्नांत. घोटून कधीच नाही.

पुढच्या खेपेला त्या आल्या त्या विचार करून आल्या होत्या. बसल्या आणि म्हणाल्या, “शब्द देवाचे. चाल माझी हाय. चाल घे.”

त्यांनी ओठ मिटून एका ओळीची चाल गुणगुणली. शब्द नाहीत, नुसती चाल. मी तिचे तुकडे केले. पाच सुरांच्या आत फिरणारी साधी चाल, पण ओळीच्या शेवटी ती एकदम न संपता थोडी वर उचलून सोडलेली, मागच्या बायकांनी झेलावी म्हणून. मला ती जागा फार आवडली. तीच मावशींना सगळ्यात अवघड जात होती.

हळूहळू हिरा आईला न्यायला लवकर येऊ लागली. गणेशोत्सव होऊन गेल्यामुळे कारखान्यात काम सैल होतं. आई गुणगुणायची तेव्हा ती भिंतीला टेकून बसायची आणि नकळत तीही गुणगुणायची. मावशींना घरी एकटीने करायचा कंटाळा यायचा, म्हणून मी हिरालाच सांगितलं, की आईबरोबर तूही म्हणत जा. त्यात वेगळं काही असेल असं तेव्हा माझ्या डोक्यात नव्हतं. दोघी घरी भांडी घासताना, कोलीम म्हणजे बारीक कोळंबी सुकत घालताना चाली म्हणायच्या. ओठ मिटून.

आवाज येऊ लागला. आधी एक सूर स्वच्छ, मग दोन. पण मी खूश व्हायला घाबरत होते. त्या आल्या की आधी त्यांचा श्वास ऐकायचे, घरघर येते का म्हणून. त्या गेल्या की पनवेलच्या बाईंना कळवायचे. लग्न जवळ येत होतं आणि त्यांची सुधारणा आपल्या चालीने चालली होती. मला सारखं वाटे, आपण त्यांना आशा लावली आहे.

एक दिवस वर्ग झाल्यावर मी चहा दिला. पहिल्याच घोटाला मावशींना ठसका लागला. साधा नाही. चेहरा काळानिळा पडला, डोळे पांढरे झाले, हात माझ्या दंडावर आवळला. हिराने पाठीवर थापट्या मारल्या. काही क्षण श्वास येईचना. मग एक लांब किंचाळल्यासारखा आवाज आला आणि त्या रडायला लागल्या.

आम्ही रिक्षाने पेणमधल्या घशाच्या डॉक्टरांकडे गेलो. आम्ही दोघी बाहेर बाकावर बसलो. हिरा माझ्याकडे न बघता आईचे कागद चाळत होती. मला वाटलं, ती मनात मलाच दोष देते आहे. आणि दिला असता तर मी काय म्हणणार होते?

डॉक्टरांनी दुर्बीण घालून पाहिलं. बाहेर येऊन म्हणाले, “व्यायामामुळे नाही झालेलं. तो डावा स्वरतंतू पूर्ण मिटत नाही, म्हणून पातळ पदार्थ श्वासनलिकेत उतरतो. पिताना मान डावीकडे वळवून, छोटा घोट घ्यायचा. स्वरतंतू थोडा हलायला लागला आहे. पण दोन आठवडे गाणं बंद.”

“आणि लग्न?” हिराने विचारलं.

“थोडं म्हणू शकतील. तासन् तास नाही. जोर केला तर आहे तेही जाईल.”

मावशींनी ते ऐकलं. परत येताना रिक्षात त्या म्हणाल्या, “थोडा धवला म्हणजे काय? अर्धी हळद लावायची?”

मी हिराला बाजूला घेऊन सांगितलं, की मावशींनी गाऊ नये. लग्नात रेकॉर्ड लावा, कुणी बाहेरची बाई आणा, काहीही करा. हिरा म्हणाली, “तुम्ही सांगा तिला. माझं नाय ऐकत.” मी सांगितलं. मावशींनी ऐकून घेतलं आणि मला विचारलं, “तू हळदीला येतेस ना?”

हळद शुक्रवारी होती. रोह्याचा वर्ग मी बंद ठेवला आणि दुपारी त्यांच्या गावी गेले. अंगणात मांडव, एका कोपऱ्यात डीजेवाल्याची खोकी रचलेली, तो संध्याकाळची वाट बघत मोबाइलवर बसलेला. कोलाडकडचे दोघे-तिघे पाहुणे खुर्च्यांवर. त्यांच्याकडे धवल्याची रीत नव्हती, ते कौतुकाने बघत होते. पल्लवी पाटावर बसली होती. मावशी हिरव्या नऊवारीत, तिच्या शेजारी. मागे गावातल्या बायका. हिरा मावशींच्या उजवीकडे, हातात हळदीची वाटी. मी जाणूनबुजून मावशींच्या अगदी मागे बसले. पिशवीत कोमट पाण्याची बाटली होती. डॉक्टरांचा नंबर मोबाइलवर वरतीच काढून ठेवला होता.

मावशींनी सुरुवात केली. इतके दिवस मी फक्त चाल ऐकली होती, आता तिच्यावर शब्द आले. आवाज लहान होता, पण स्वच्छ होता. मागच्या बायकांनी ओळ उचलली. कुणीतरी डोळे पुसले. मला मात्र फक्त त्यांचा खांदा दिसत होता. प्रत्येक ओळीला तो जरा जास्त वर जात होता. त्या जोर करत होत्या.

मी पुढे वाकून म्हटलं, “मावशी, थांबा.”

त्या थांबल्या नाहीत. आणखी काही ओळी गेल्या. मग एका ओळीच्या शेवटी, ती वर उचलून सोडायची जागा आली आणि आवाज आलाच नाही. नुसती हवा आली. बायका झेलायला तयार होत्या, झेलायला काही नव्हतं. पल्लवीच्या गालावर अर्धी हळद लागलेली, तिने आजीकडे पाहिलं. मागून एक बाई म्हणाली, “आता काय गो?” डीजेवाल्याने मान वर केली.

मावशींनी हिराचं मनगट धरलं आणि तिला जवळ ओढलं. तिच्या कानाला तोंड लावलं. काय बोलल्या ते मला ऐकू आलं नाही, हिराच्या चेहऱ्यावरून कळलं. हिराने मान हलवली, नाही म्हणून. तिला चाली सगळ्या पाठ होत्या. शब्द एकही येत नव्हता, कारण ते आमच्या खोलीत कधी उच्चारलेच गेले नव्हते. मावशींनी मनगट सोडलं नाही. परत कानाशी गेल्या. कुजबुजायला त्यांचा आवाज पुरत होता.

हिराने पहिली ओळ म्हटली ती इतकी हळू, की मागच्यांना कळली नाही. मावशींनी तीच ओळ परत कानात सांगितली. दुसऱ्यांदा हिराने ती मोकळी सोडली. बायकांनी उचलली. त्या उचलेपर्यंत मावशी पुढची ओळ कानात सांगून मोकळ्या झालेल्या. असं सुरू झालं. आईच्या तोंडून शब्द, लेकीच्या गळ्यातून चाल, आणि मागे सगळा गाव. हळदीची वाटी हिराच्या हातात तशीच राहिली होती, ती नंतर दुसऱ्या कुणीतरी काढून घेतली.

मी पाण्याची बाटली घट्ट धरून बसले होते. कुजबुजणंही गळ्याला चांगलं नसतं, हे मला माहीत होतं. पण त्या वेळी मी तोंड उघडलं नाही. हळद पूर्ण झाली. दुसऱ्या दिवशी कोलाडच्या हॉलमध्येही हिराच गायली आणि मावशी तिच्या कानाशी बसल्या.

इथे मला समाधान वाटायला हवं होतं. वाटलंही, पण एक गोष्ट मला त्याच मांडवात कळली होती आणि ती घेऊन मी घरी आले होते. ओळ वर उचलायच्या आधी हिरा एक बारीक थांबा घेत होती. श्वास घेत होती. तिच्या निरोगी छातीला तिथे श्वासाची काहीच गरज नव्हती. तो थांबा मावशींचा होता. आजारी स्वरतंतूमुळे त्यांना तिथे दम लागायचा, त्या थांबायच्या, आणि हिराने चाल शिकताना तो थांबाही चालीचाच भाग समजून घोटला होता. माझ्या खोलीत, माझ्यासमोर, महिनाभर. आता तो बसला होता. मागच्या बायकाही दुसऱ्या दिवशी तिथे थांबायला लागल्या होत्या.

काही दिवस मी कुणालाच बोलले नाही. मग राहवेना, तेव्हा त्यांच्या गावी गेले. मावशी पडवीत बसून तांदूळ निवडत होत्या. गळ्याला आराम सांगितलेला, तो त्या बऱ्यापैकी पाळत होत्या. मी त्यांना दोन्ही प्रकारे ती चाल गुणगुणून दाखवली, थांब्यासकट आणि थांब्याशिवाय. त्यांनी मला परत म्हणायला लावली. मग सूप खाली ठेवलं.

“माझं दुखणं तिच्या गल्यात गेलं,” त्या म्हणाल्या.

“काढता येईल, मावशी. पण वेळ लागेल. बसलेलं काढणं नवीन बसवण्यापेक्षा कठीण असतं.”

“कालच एक घर येऊन गेलं. हिराला बोलावलंय. वैशाखात.”

“तोपर्यंत निघेल की नाही, ते सांगता येत नाही.”

“मग अर्धं काढ,” मावशी म्हणाल्या. “पर लगीन चुकवू नको.”

मी त्यांना विचारलं, की शब्दांचं काय. शब्द ती केव्हा शिकणार? त्या म्हणाल्या, “माझ्यासारखी. लग्नालग्नांत.”

हिरा कारखाना सुटल्यावर माझ्याकडे येऊ लागली. तेव्हा मी रोह्याचे वर्ग सोडले होते, पेणचेही कमी केले होते, पण तिला नाही म्हणणं शक्य नव्हतं. मी त्या जागेचा तुकडा घेतला, थांब्याच्या आधीचे दोन सूर आणि नंतरचे दोन. उलटा केला, सावकाश केला, दुसऱ्या सुरावरून केला. ती म्हणताना थांबायची नाही, आणि चाल पूर्ण म्हणायला लागली की थांबायची. स्वतःवर चिडायची. “डोळा रंगवताना हात असा चुकत नाय माझा,” म्हणायची. मी तिला घरी घोटू नको म्हणून बजावलं होतं. रात्री फोन करून विचारायचे, म्हणत नाहीस ना? ती हसायची. मला हसू यायचं नाही.

वैशाखातल्या त्या लग्नाला मी गेले. मांडवात पंखे लावलेले, तरी सगळे घामाने भिजलेले. मावशी नेहमीसारख्या हिराच्या शेजारी. त्यांचा आवाज आता बोलण्यापुरता परत आला होता. वर तो जात नव्हता, आणि पुढे जाणार नाही हे डॉक्टरांनी सांगून झालं होतं. शब्द आता हिराला बरेच येत होते, अडली तरच मावशी ओठ हलवायच्या. मी पुन्हा त्यांच्या मागे बसले.

ती ओळ आली. हिरा चढली, वळली, आणि न थांबता ओळ वर उचलून सोडून दिली. बायकांनी ती तशीच सरळ झेलली. कुणालाच काही जाणवलं नाही.

श्वास मात्र मला ऐकू आला. तो मावशींनी घेतला होता, लेकीच्या शेजारी बसून, त्याच जागी.